वाचकांचे प्रश्न : कोकणात जेवायला निघताना

कोकणातील खाद्यप्रवासाविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. मी कुडाळ तालुक्यात राहतो, त्यामुळे सिंधुदुर्गाविषयी अधिक विस्ताराने लिहिले गेले आहे.

प्रश्न : मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही सहा जण चार दिवसांसाठी मालवण परिसरात येत आहोत. हापूस, ओल्या काजूगरांची उसळ, कोंबडी-वडे, ताजी मासळी, उकडीचे मोदक आणि सोलकढी अशी यादी आम्ही केली आहे. हे सर्व एकाच मुक्कामात मिळेल असे ठिकाण सुचवावे. (एक वाचक, पुणे)

उत्तर : आपली यादी जिव्हाळ्याने केलेली आहे, परंतु तिच्यात तीन वेगवेगळे हंगाम एकत्र आले आहेत. ओला काजूगर साधारण फेब्रुवारीत दिसू लागतो, मार्च-एप्रिलमध्ये भरपूर असतो आणि मेच्या मध्यापर्यंत बहुतेक ठिकाणी संपत येतो. त्यानंतर पानात येणारी उसळ अनेकदा सुके काजू भिजवून केलेली असते. ती वाईट नसते. मात्र कोवळ्या गराचा दुधाळ गोडवा तिच्यात नसतो. मोदकांचे खरे दिवस भाद्रपदातले. तरीही यजमानांना आदल्या दिवशी सांगितले तर घरातील बाई उकड काढून देईल, आणि मुक्कामात संकष्टी आली तर तेवढेही सांगावे लागणार नाही.

मे महिन्याचे स्वतःचे जे आहे ते मात्र आपल्या यादीत आलेले नाही, आणि मला त्याविषयीच लिहावेसे वाटते. या दिवसांत रातांबे पिकतात. कोकमाच्या फळाला आम्ही रातांबा किंवा भिरंड म्हणतो. ही फळे फोडून गर आणि बिया बाजूला काढतात. साली उन्हात वाळवतात, पुन्हा त्याच फळाच्या खारवलेल्या रसात बुडवतात, पुन्हा वाळवतात आणि अशी अनेक पुटे दिल्यावर काळसर, लवचीक आमसूल तयार होते. मीठ घालून टिकवलेला रस म्हणजे आगळ. सालींत साखर भरून उन्हात ठेवल्यावर जे सुटते त्याचे सरबत होते. आणि बियांपासून निघणारे, निवल्यावर घट्ट होणारे तेल भेगाळलेल्या टाचांना लावतात. एका फळातून एवढे निघते आणि हे सारे काम पावसाआधीच्या मोजक्या आठवड्यांत उरकावे लागते, म्हणून मे महिन्यात अंगणे लाल दिसतात. आगळात नारळाचे दूध, लसूण आणि मिरची घालून केलेली सोलकढी आपण त्या अंगणाशेजारी बसून प्यालात, तर तिचा फिकट गुलाबी रंग आपोआप कळेल. ज्या सोलकढीचा रंग भडक गुलाबी असतो, तिच्याविषयी विचारून घ्यावे.

त्याच दिवसांत वर्षभराच्या मसाल्याची मिरची उन्हात पडलेली असते आणि धणे, खसखस, दगडफूल, नागकेसर चुलीवर भाजण्याचा वास वाडीभर फिरत असतो. फणस पिकलेला असतो. त्यातील कापा फणस गरे खाण्यासाठी, तर बरका रसासाठी. बरक्याच्या रसात तांदळाचा रवा भिजवून वाफवलेले सांदण नारळाच्या दुधाबरोबर खावे. ते शहरात क्वचितच नीट मिळते. हापूससाठी बागायतदाराकडे जावे आणि गवताची आढी पाहू द्यावी अशी विनंती करावी. एकावर एक मांडलेल्या फळांतून पिकलेले फळ तो हाताने न दाबता, वासाने आणि रंगाने कसे निवडतो, हे पाहण्यासारखे असते. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले असून त्यात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाबरोबर रायगड, ठाणे आणि पालघर हे जिल्हेही येतात. त्यामुळे ‘देवगड’ असे खोक्यावर छापलेले असले तरी बाग कोणाची आणि कोठे, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. आणि हापूसच्या नादात रायवळ आंब्याकडे दुर्लक्ष करू नये. लहान रायवळ आंब्यांचे, कोयीसकट केलेले, मोहरी वाटून लावलेले सासव ज्याने एकदा खाल्ले, तो दर मे महिन्यात त्याची चौकशी करतो.

ठिकाण म्हणाल तर चार दिवस चार गावी न राहता मालवण, देवबाग किंवा आचरे यांपैकी एकाच ठिकाणी घरगुती मुक्काम करावा. कोकण रेल्वेने कुडाळ किंवा कणकवलीला उतरता येते. मे महिन्यातील तिकिटे आरक्षण खुले होताच संपतात, म्हणजे साठ दिवस आधीची ती सकाळ चुकवू नये.

प्रश्न : मी नाशिकचा असून आमच्याकडे द्राक्षबागा आणि वायनरी पाहण्यासाठी पर्यटक येतात. कोकणात असा काही प्रवास आखता येईल का? तेथे वाईन का होत नाही, आणि फेणी किंवा माडी यांची चव कायदेशीरपणे कोठे घेता येईल? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छाटणी होते, त्यानंतर कोरडी हवा आणि थंड रात्री मिळतात आणि जानेवारी ते मार्च या काळात वाईनच्या द्राक्षांची तोडणी होते. फळात साखर भरत असताना रात्रीच्या गारव्यामुळे आंबटपणा टिकून राहतो, आणि वाईनचा तोल त्यावरच अवलंबून असतो. कोकणात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाऊस थांबल्यावरही समुद्राची दमट हवा हटत नाही आणि रात्री पुरेशा थंड होत नाहीत. अशा हवेत वेलीवर केवडा आणि भुरी या रोगांचा इतका जोर होतो, की फवारण्यांवर जगवलेल्या बागेतून चांगली वाईन काढण्याचा हट्ट मला शहाणपणाचा वाटत नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले, त्याचा लाभ नाशिक आणि सांगलीकडे झाला, आणि ते भूगोलाला धरूनच होते.

मात्र आंबवण्याची कला कोकणाला परकी नाही. तिचा आधार येथे माड आहे. माडाची न उमललेली पोय दोरीने बांधून, हलक्या हाताने ठोकून आणि तिचे टोक रोज कापून जो रस भांड्यात उतरतो, ती नीरा. भांड्याला आतून चुना लावला आणि रस सूर्योदयापूर्वी उतरवला तर तो गोड राहतो. चुना नसला किंवा ऊन लागले, की हवेतील आणि भांड्यातील किण्व काही तासांतच काम सुरू करतात आणि त्याची माडी होते. सकाळची माडी गोडसर, दुपारची आंबूस आणि दुसऱ्या दिवशीची जवळजवळ व्हिनेगरसारखी. आपल्याकडे एका वाईनचे वय वर्षांत मोजतात, तर येथे ते तासांत मोजावे लागते. हे काम पिढ्यान्‌पिढ्या प्रामुख्याने भंडारी समाजाने केले आहे. उंच माडावर दिवसातून दोनदा चढण्याचे हे कष्ट करायला आज फार थोडे तरुण तयार आहेत. माडी केवळ पिण्यासाठी नव्हती, हेही लक्षात घ्यावे. किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांत तांदळाची इडलीसारखी सान्नां फुगवण्यासाठी माडीच वापरण्याची रीत आहे, आणि ती सान्नां मांसाच्या रश्शाबरोबर खाल्ली की यीस्ट घालून केलेल्या सान्नांतील उणीव जाणवते.

कायद्याच्या दृष्टीने माडी परवानाधारक विक्री केंद्रातूनच घ्यावी. रस्त्याकडेला बाटलीत भरून विकली जाणारी माडी घेऊ नये. तिच्यात काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक असेलच असे नाही.

फेणीचे घर गोवा आहे. काजूचे बोंडू तुडवून काढलेला रस आंबवतात; पहिल्यांदा गाळल्यावर हुर्राक मिळतो आणि तो पुन्हा गाळल्यावर फेणी. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हुर्राक मार्च ते मे एवढाच काळ मिळतो, म्हणून आपण एप्रिलमध्ये सावंतवाडीला मुक्काम ठेवून एका दिवसासाठी सीमेपलीकडे गेलात तर भट्टी चालू असताना पाहता येईल. तेथे जे प्यायचे ते तेथेच प्यावे, आणि गाडी चालवणाऱ्याने काहीच पिऊ नये. परवान्याशिवाय गोव्यातील मद्य महाराष्ट्रात आणणे हा गुन्हा असून बांद्याच्या बाजूला राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून गाड्यांची तपासणी होते. एका बाटलीने काही होत नाही, असे सांगणाऱ्या स्थानिकांवर विश्वास ठेवू नये.

सिंधुदुर्गाच्या बाजूला मात्र एक दुःख आहे, ते नाशिककराला सांगावेसे वाटते. आमच्याकडे काजूची बी मोलाने विकली जाते आणि लाखो बोंडू झाडाखाली कुजून जातात. वेंगुर्ल्याच्या काजूला मानांकन आहे आणि वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या उत्तम जाती दिल्या आहेत. बोंडूला मात्र अजून त्याच्या योग्यतेचे स्थान मिळालेले नाही. आपण बागेत गेलात तर पिकलेला बोंडू मीठ लावून खाऊन पाहावा. घसा थोडा खवखवेल, परंतु ती चव दुसऱ्या कोणत्याही फळाला नाही.

प्रश्न : माझे वडील माळकरी आहेत. ते कांदा-लसूणही खात नाहीत. कोकणात सर्वत्र मासळीच असते असे ऐकून त्यांना नेण्याची भीती वाटते. (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : त्यांना निश्चिंतपणे न्यावे. कोकणातील शाकाहारी स्वयंपाक हा मासळीला पर्याय म्हणून घडलेला नाही, तो देवळांच्या नैवेद्यातून आणि सणवारांतून स्वतंत्रपणे घडलेला आहे. किनाऱ्यावरील कित्येक मांसाहारी घरांतही सोमवारी, एकादशीला आणि संपूर्ण श्रावणात मासळी शिजत नाही.

वडिलांसाठी खतखते अवश्य सांगावे. सुरण, कणगी, लाल भोपळा, शेवग्याच्या शेंगा, कच्ची केळी अशा हाती असतील त्या भाज्या, तुरीची डाळ, ओल्या नारळाचे वाटण आणि तिरफळ यांनी ते होते आणि त्यात मुळातच कांदा-लसूण नसतो. तिरफळ चावायचे नसते, बाजूला ठेवायचे असते, एवढे त्यांना आधी सांगावे. कोवळ्या फणसाची भाजी, अळूचे फदफदे, मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी, घावणे, गुळाच्या नारळरसातील शिरवाळे आणि काकडीचे धोंडस हेही मिळेल. काळ्या वाटाण्याचे सांबार मात्र बहुधा भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या वाटपात करतात, म्हणून त्याबाबत आधी बोलून घ्यावे. सोलकढीत लसणाऐवजी जिरे आणि हिरवी मिरची चालते.

खरी काळजी घ्यायची ती भांड्यांची. मासळी तळलेले तेल आणि ढवळलेला डाव वेगळा ठेवला जाईल का, हे फोनवर स्पष्ट विचारावे. विचारल्याचा येथे कोणाला राग येत नाही. माळकरी पाहुणा म्हटल्यावर अनेक घरांत त्या दिवसापुरती मासळी आणलीच जात नाही.

प्रश्न : गेल्या डिसेंबरात किनाऱ्यावरील एका निवासात आम्हाला पहिल्या रात्री पनीरची भाजी आणि दुसऱ्या दिवशी सुरमईचे महागडे ताट मिळाले. त्या सुरमईला बर्फाची चव होती. अस्सल जेवण मिळण्यासाठी नेमके काय करावे? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : आपली निराशा मी समजू शकतो, आणि असे घडू नये असे मला मनापासून वाटते. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, त्यानंतर मुक्कामाच्या सोयी वाढल्या; पण येणारा प्रत्येक पाहुणा सुरमई, पापलेट आणि कोळंबी एवढेच मागू लागला. समुद्र रोज सुरमई देत नाही. मागणी रोज असते, म्हणून ती साठवणुकीतून येते.

यावर उपाय एवढाच, की माशाचे नाव न सांगता ‘आज काय आले?’ असे विचारावे. डिसेंबरात बांगडा, तारली, पेडवे, मुडदुशे, लेपो, सौंदाळे असे किती तरी स्वस्त आणि ताजे मासे असतात. तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी भाताबरोबर जेवल्यावर सुरमईची आठवण राहत नाही. पहाटे किनाऱ्यावर जाता आले तर रापण ओढताना पाहावी: अर्धवर्तुळात टाकलेले लांबच लांब जाळे दोन्ही टोकांनी माणसे खेचत आणतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. बाजारात मासा निवडताना कल्ले लाल, डोळे फुगीर आणि बोट दाबल्यावर मांस पुन्हा वर येणारे असावे. यंत्रनौकांना १ जून ते ३१ जुलै या काळात राज्याच्या समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी समुद्राची मासळी’ अशी पाटी दिसली तर ती शांतपणे ओलांडून पुढे जावे आणि कुर्ल्या, खाडीतील तिसऱ्या किंवा सुक्या बांगड्याची किसमूर मागावी.

दुसरे असे, की घरगुती जेवण आदल्या संध्याकाळपर्यंत सांगावे. वाटप दगडी पाट्यावर होवो की मिक्सरवर, त्याला वेळ लागतो. दुपारी एक वाजता पोहोचून सव्वाला ताट मागणाऱ्याला पनीरच मिळते, आणि त्यात यजमानाचा दोष पूर्ण नसतो.

प्रश्न : जानेवारीत केवळ दीड दिवस मोकळा आहे. ठाण्याहून जवळ, गर्दीपासून दूर असे काय करता येईल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अलिबाग परिसरात एखाद्या शेतावरील पोपटीचे आमंत्रण मिळवावे. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या कोवळ्या शेंगा, ओवा, मीठ, बटाटे, अंडी, हवी असल्यास केळीच्या पानात बांधलेली कोंबडी आणि वर पुन्हा पाला. पाण्याचा थेंबही नाही. मडके उपडे ठेवून भोवती पेंढा आणि काटक्या पेटवतात. मडक्यावर पाणी शिंपडून चर्र आवाज आला की पोपटी झाली. परतताना पांढरा कांदा दिसेलच असे नाही, कारण वेण्यांत बांधलेल्या त्याच्या माळा रस्त्याकडेला टांगल्या जातात त्या थोड्या उशिरा.

अलिबागमध्ये असताना इस्रायल आळीतून चालत जावे. नवगावच्या किनाऱ्यावर आपले पूर्वज जहाज फुटून आले, अशी बेने इस्रायल या कोकणातील ज्यू समाजाची परंपरागत समजूत आहे. तेलघाणे चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे हे लोक ‘शनवार तेली’ म्हणून ओळखले गेले. एलियाहू संदेष्ट्याच्या नावाने ते जो मलिदा करतात, त्यात पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे असतात. प्रार्थना हिब्रू आणि नैवेद्य पूर्णपणे कोकणी, हे दृश्य हृद्य आहे. परंतु तो घरातील विधी असल्याने बोलावणे असेल तरच जावे.

प्रश्न : मी नागपूरची नाट्यशास्त्राची विद्यार्थिनी आहे. दशावतार सभागृहात नव्हे, तर गावात पाहायचा आहे. केव्हा यावे, कसे बसावे आणि जेवणाचे काय करावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : भात कापून झाले, की कार्तिकापासून गावोगावच्या देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि त्या उन्हाळ्यापर्यंत चालतात. मोचेमाडकर, वालावलकर, चेंदवणकर अशी नामांकित मंडळे या काळात जवळजवळ रोज नव्या गावी असतात. तिथ्यांप्रमाणे जत्रा ठरत असल्याने कुडाळ किंवा वेंगुर्ल्याला मुक्काम ठेवून ‘आज जत्रा कोणाची?’ असे कोणत्याही दुकानात विचारावे. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा मात्र तिथीने ठरत नाही; गाव तारीख ठरवते आणि त्या दिवशी लोटणारी गर्दी पाहता नाटक अभ्यासण्यासाठी ती निवडू नये.

रात्री पालखीची प्रदक्षिणा झाल्यावर खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धी-सिद्धी, सरस्वती, वेद पळवणारा संकासुर. त्यानंतर मुख्य आख्यान. नेपथ्य म्हणून एक बाकडे, साथीला पेटी, पखवाज आणि झांज. संहिता लिहिलेली नसते. कथा ठरते आणि संवाद नट जागच्या जागी रचतात, म्हणून एकच आख्यान दोन रात्री पाहिले तर आपल्या अभ्यासाला अधिक मिळेल. स्त्रीभूमिका पुरुष करतात. रंगभूषा नट स्वतःच, देवळाच्या आवारात बसून करतात. ती पाहायची असेल तर परवानगी मागून दूर बसावे आणि चेहऱ्याजवळ मोबाइल नेऊ नये.

दिवसा कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे. तेथील ठाकर समाजाने चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याची कला, आणि कळसूत्री बाहुल्यांची परंपरा जपली आहे. त्या कार्यासाठी परशुराम आत्माराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीच्या राजवाड्यातील गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, आणि चितार आळीतील लाकडी फळेही त्याच फेरीत होतील.

जेवण लवकर, हलके करून यावे. जत्रेत आल्याच्या गुळपाकात घोळलेले बेसनाचे मालवणी खाजे मिळते. ते अर्धा किलो घेऊन जवळ ठेवावे आणि शेजारी बसलेल्या मुलांना द्यावे. चटई आणि शाल बरोबर असावी, कारण डिसेंबरात दव पडते. आणि झोप अनावर झाली तरी पहाटेपूर्वी उठून जाऊ नये. या खेळाला आमच्याकडे ‘धयकालो’ म्हणतात, कारण आख्यान संपल्यावर उजाडता उजाडता देवळासमोर दह्याची हंडी फुटते, आणि रात्रभर राजा झालेला नट, रंग अजून चेहऱ्यावर असताना, सर्वांबरोबर ओंजळ पुढे करून तो काला घेतो.